गवय, फॅरो आणि हातातली मार्गदर्शिका

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांची चर्चा केली, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला कळते ती कशामुळे कळते, याची. आज त्याच प्रश्नाकडे जरा आडवाटेने जाऊ. विषय आहे प्राचीन इजिप्तच्या वस्तू जिथे ठेवल्या आहेत त्या संग्रहालयांच्या सचित्र मार्गदर्शिका. दाराशी विकायला ठेवलेली असतात ना, ती पुस्तकं. बहुतेक लोक ती आठवण म्हणून घेतात आणि घरी आल्यावर कपाटात उभी करतात. माझं म्हणणं असं की ही पुस्तकं नीट वाचली तर वस्तूंइतकीच, कधी कधी जास्त, बोलतात.

न्यायदर्शनातलं गवयाचं उदाहरण आठवा. शहरातल्या माणसाने गवय पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे हा रानात जातो, गाईसारखं एक जनावर समोर येतं, ऐकलेलं आठवतं आणि तो म्हणतो, हाच तो गवय. नैयायिक म्हणतात, इथे नुसतं प्रत्यक्ष नाही आणि नुसता शब्दही नाही. नाव आणि ते नाव धारण करणारी वस्तू यांचा संबंध त्याला कळला, आणि हे उपमान नावाचं वेगळंच प्रमाण आहे. बौद्धांना आणि वैशेषिकांना हे मान्य नव्हतं, तो वाद आपण बाजूला ठेवू. पण संग्रहालयात हातात पुस्तक घेऊन उभा असलेला माणूस नेमकं हेच करतो की नाही, सांगा.

आता बघा, इजिप्तच्या दालनात हमखास एक कपाट असतं, त्यात बोटभर ते वीतभर उंचीच्या निळ्याहिरव्या बाहुल्या रांगेने मांडलेल्या असतात. हात छातीवर दुमडलेले, अंगावर बारीक अक्षरं. पुस्तक नसेल तर आपण 'छान आहेत' म्हणून पुढे जातो. पुस्तक सांगतं, या शब्ती. मेलेल्या माणसाला परलोकातल्या शेतावर वेठीला बोलावलं, तर त्याच्या जागी या बाहुलीने 'मी आहे' म्हणून ओ द्यायची. अंगावर जो मंत्र असतो तो याच कामाचा. पुढच्या काळात पूर्ण संच 401 बाहुल्यांचा मानला गेला: वर्षाच्या 365 दिवसांच्या 365 कामकरी, आणि दर दहा जणांवर एक असे 36 मुकादम. मुकादमाच्या हातात चाबूक असतो. परलोकातसुद्धा मुकादमावाचून काम होईल, असं त्यांना वाटलं नाही! एवढं वाचून तुम्ही पुन्हा कपाटाकडे पाहता तेव्हा त्या बाहुल्या राहत नाहीत. डोळे तेच, काच तीच, पण दिसतं वेगळं.

या प्रकारच्या पुस्तकांत अगदी सुरुवातीला जे नाव घ्यावं लागतं ते शाम्पोलियाँचं. चित्रलिपी उलगडली 1822 साली. चारच वर्षांनी, 1826 मध्ये, त्यांची पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तच्या विभागावर नेमणूक झाली, आणि 1827 मध्ये दालनं उघडली तेव्हा त्यांनी संग्रहाचं वर्णन करणारं पुस्तकही छापलं. त्यातली विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे मांडणी. त्या काळात प्राचीन वस्तू मांडायची रीत होती सौंदर्याची: जे देखणं ते पुढे, बाकीचं मागे. आणि देखणेपणाचं माप ग्रीक. शाम्पोलियाँनी देवांचं दालन वेगळं केलं, लोकांच्या रोजच्या जगण्याचं वेगळं केलं, मृत्यूशी संबंधित वस्तूंची दालनं वेगळी केली. याचा अर्थ काय? वस्तू सुंदर आहे का, यापेक्षा ती कशासाठी होती, हे विचारायचं. जो माणूस वस्तूंवरची अक्षरं वाचू शकत होता त्यालाच हे सुचणं शक्य होतं, कारण त्या अक्षरांनीच त्याला सांगितलं की ही वस्तू कोणाची आणि कशाला केली. मला विचाराल तर लिपी उलगडण्याइतकंच हे काम मोठं आहे, पण त्याचं कौतुक फारसं कोणी करत नाही.

आता खुद्द इजिप्तमध्ये येऊ. ओग्युस्त मारिएत या फ्रेंच माणसाने कैरोजवळ बुलाक इथे, नाईलच्या काठावर, एका वाहतूक कंपनीच्या जुन्या इमारतीत संग्रहालय थाटलं. 1863 मध्ये ते उघडलं आणि पुढच्याच वर्षी त्यांची मार्गदर्शिका आली. भाषा अर्थातच फ्रेंच. ज्यांच्या जमिनीतून या वस्तू निघाल्या त्यांना ती वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. पण 1869 मध्ये अबू अल-सुऊद यांनी तिचं अरबी भाषांतर केलं. त्या भाषांतरात संग्रहालयाला शब्द आहे 'अंतिकाखाना'. ऐकताक्षणी ओळखीचा वाटतो की नाही? आपला दवाखाना, तोफखाना, जवाहिरखाना, सगळे याच कुळातले. म्युझियमसाठी आपण 'वस्तुसंग्रहालय' असा भारदस्त शब्द घडवला. अंतिकाखाना म्हटलं असतं तर गावातल्या माणसालाही लगेच कळलं असतं. असो.

पुढे अहमद कमाल या इजिप्शियन अभ्यासकाने कैरोच्या संग्रहालयाच्या मोठ्या सूचीतले काही खंड तयार केले, प्राचीन इजिप्शियन भाषेचा 22 खंडांचा कोश रचला, आणि तो कोश त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. पुरातत्त्व खात्याचा प्रमुख 1952 पर्यंत फ्रेंच माणूसच असायचा. तेव्हा मार्गदर्शिका हातात घेतली की माझा पहिला प्रश्न असतो, ही कोणासाठी लिहिली आहे? वाट दाखवणारा कोणाला तरी दाखवत असतो. ज्याला दाखवायचं त्याचं रूप पुस्तकाच्या पानापानावर उमटतं.

बुलाकच्या त्या इमारतीचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 1878 मध्ये नाईलला पूर आला आणि पाणी संग्रहालयात शिरलं. मारिएत यांची किती तरी टिपणं आणि रेखाटनं त्यात गेली. दगड टिकले, कागद गेले. नंतर संग्रह आधी गिझाला, मग 1902 मध्ये कैरोच्या मध्यवस्तीत आजच्या तहरीर चौकातल्या गुलाबी इमारतीत आला. आता पुन्हा हलवाहलव झाली आहे. राजांच्या ममी 2021 च्या एप्रिलमध्ये मिरवणुकीने फुस्तातच्या नव्या संग्रहालयात गेल्या, आणि तुतनखामुनच्या वस्तू गिझाच्या पिरॅमिडांजवळ उभारलेल्या भव्य संग्रहालयात, जे 2025 च्या नोव्हेंबरमध्ये उघडलं. तुमच्या कपाटात जुनी कैरोची मार्गदर्शिका असेल तर टाकून देऊ नका. ती आता एका नसलेल्या घराचा नकाशा आहे.

इंग्रजीत या प्रकारात सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं नाव वॉलिस बज यांचं. 1894 पासून 1924 पर्यंत ब्रिटिश म्युझियमचा इजिप्तचा विभाग त्यांच्याकडे होता. 1909 च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत 53 चित्रपत्रं आणि मजकुरात 180 चित्रं आहेत. माणूस अफाट कामाचा. आजचे अभ्यासक त्यांची भाषांतरं आधाराला घेत नाहीत, पण पुस्तकं अजून छापली जातात आणि स्वस्तात मिळतात, म्हणून लोक तीच घेतात. त्यांच्या पुस्तकात पहिला राजा मेना याचा काळ दिला आहे इ.स.पू. 4400. मारिएत यांनी पहिलं राजघराणं इ.स.पू. 5004 ला सुरू केलं होतं. आज अभ्यासक साधारण इ.स.पू. 3100 म्हणतात. दगड जागचा हलला नाही आणि त्याचं वय जवळजवळ दोन हजार वर्षांनी कमी झालं! 5004 हा आकडा तर बघा. पाच हजार नाही, पाच हजार चार. आकडा जितका नेमका, तितका तो वाचणाऱ्याला खरा वाटतो. नेमकेपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो, पण या एका आकड्याने जेवढं पटतं तेवढं माझ्या बोलण्याने पटलं नसेल.

आता चित्रांकडे वळू, कारण 'सचित्र' हा शब्द आपण सहज म्हणून जातो.

गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणारा राजा खूफू. मूळची उंची सुमारे 146 मीटर. एवढं बांधणाऱ्या राजाचा पूर्ण पुतळा एकच सापडला आहे, तो केवढा? साडेसात सेंटिमीटर. हस्तिदंताची मूर्ती, आपल्या मधल्या बोटाएवढी. 1903 मध्ये अबायडॉसला पेट्री यांना सापडली ती बिनडोक्याची. सिंहासनावर राजाचं नाव कोरलेलं दिसलं, तेव्हा पेट्री यांनी कामगारांकडून तीन आठवडे माती चाळून घेतली आणि डोकं मिळवलं. आता कुठल्याही सचित्र पुस्तकात या मूर्तीचं चित्र काढा. पूर्ण पान, मागे काळा पडदा, एका बाजूने प्रकाश. सिंहासनावर धिप्पाड राजा बसलेला. तुम्ही मनात त्याला दहा फुटांचा करून टाकता, आणि कैरोला कपाटासमोर गेल्यावर मूर्ती शोधायला लागते. छायाचित्र खोटं बोललं का? नाही. एक अक्षरही खोटं नाही. खाली बारीक टाइपात उंची छापलेली आहे. पण डोळा आधी चित्र पाहतो आणि आकडा नंतर, किंवा पाहतच नाही. बरं, काही अभ्यासकांच्या मते ही मूर्ती खूफूच्या काळची नाहीच, पुष्कळ नंतर कोरलेली आहे. चित्राखाली 'चौथं राजघराणं' असं ठामपणे छापलेलं असतं तेव्हा हा वाद त्या दोन शब्दांत मावत नाही.

याहून अवघड उदाहरण सांगतो. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलीनचा माणूस म्हणून ओळखला जाणारा एक मृतदेह आहे. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, पिरॅमिडांच्याही कितीतरी आधीचा. ममी करण्याची कला तेव्हा पुरती रुळलेली नव्हती. तापलेल्या वाळूनेच त्याला सुकवून टिकवलं. गुडघे पोटाशी घेऊन तो कुशीवर निजला आहे, भोवती मडकी आहेत. 1900 मध्ये तो संग्रहात आला आणि तेव्हापासून किती पुस्तकांत त्याचं चित्र आलं, मोजदाद नाही. केस तांबूस, म्हणून लोकांनी त्याला एक टोपणनावही ठेवलं होतं. चित्र पाहून आपण म्हणतो, असं पुरत होते बुवा त्या काळी. पण तो खड्डा संग्रहालयाने तयार केलेला आहे आणि भोवतालची मडकी त्याची नाहीत, दुसऱ्या थडग्यांतली आहेत. म्हणजे आपण ज्याला प्रत्यक्ष समजतो ते अनुमान आहे, कोणीतरी आधीच करून ठेवलेलं.

आणि 2012 मध्ये त्याचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा कळलं की मरताना तो अठरा ते एकवीस वर्षांचा होता आणि पाठीत, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, शस्त्र खुपसून त्याला मारलं होतं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोक पुस्तकात त्याला 'प्राचीन दफनाचा नमुना' म्हणून पाहत होते. तो कोणाचा तरी खून झालेला पोरगा होता. आता संग्रहालय ते टोपणनाव वापरत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. टोपणनाव ठेवायला ओळख लागते, त्याची संमती लागते. इथे दोन्ही नव्हतं.

नावाचा हा मुद्दा इजिप्तच्या बाबतीत फार खोल जातो. त्यांच्या समजुतीप्रमाणे नाव हा माणसाचा एक घटक होता, देह आणि सावली असावी तसा. नाव उच्चारलं जातं तोवर माणूस आहे. थडग्यांवर असे लेख आढळतात ज्यांत मृत माणूस वाटेने जाणाऱ्या जिवंतांना विनवतो: माझ्यासाठी भाकरी आणि बिअरचं नैवेद्याचं वाक्य म्हणा, त्यात तुमचं काही खर्च होत नाही, तोंडचा वाराच काय तो जातो. हे लिहिणारा माणूस वाचक गृहीत धरत होता. आज तो शिलालेख काचेमागे आहे, समोर पुस्तक घेऊन तुम्ही उभे आहात, आणि पुस्तकात काय आहे? 'शिला, चुनखडी, बारावं राजघराणं' आणि नोंदक्रमांक. चांगल्या मार्गदर्शिकेत नाव असतं, आईचं नाव असतं, हुद्दा असतो. मी तर पुस्तक विकत घेताना हे आधी पाहतो. नोंदक्रमांक हवाच, त्याशिवाय अभ्यासकाला वस्तू शोधता येणार नाही. पण ज्याने विनवणी करून ठेवली आहे त्याला निदान नावाने ओळखावं, एवढी रीत पाळायला किती जागा लागते?

जिथे नाव ठाऊक नसतं तिथे काय होतं, तेही पाहा. याच संग्रहालयात क्रमांक 22542 ची एक वस्तू आहे. एका स्त्रीच्या ममीवर झाकण म्हणून ठेवलेली रंगवलेली लाकडी फळी. नुसती फळी, आत देह नाही. तिचं नाव कळलेलं नाही. त्या रिकाम्या जागेत अफवा शिरल्या: ही शापित ममी आहे, जवळ जाईल त्याचं वाईट होतं, हिच्यामुळेच टायटॅनिक बुडाली. ती त्या जहाजावर कधीच नव्हती. खुलासे करूनही अफवा थांबल्या नाहीत. आजही लोक मार्गदर्शिकेत ते पान आधी उघडतात.

गंमत अशी, की सचित्र मार्गदर्शिका ही कल्पना इजिप्शियनांना नवी नव्हती. ज्याला आपण 'मृतांचं पुस्तक' म्हणतो ते दुसरं काय आहे? ते नावही त्यांचं नाही, जर्मन अभ्यासक लेप्सियुस यांनी 1842 मध्ये रूढ केलेलं. त्यांचं नाव होतं, दिवसाच्या उजेडात बाहेर येण्याचे मंत्र. परलोकाच्या प्रवासात कुठे दार आहे, राखणदार कोण, त्याचं नाव काय, काय म्हटलं म्हणजे तो सोडतो, हे सगळं मजकूर आणि चित्रं मिळून सांगतात. त्याहूनही जुन्या, चार हजार वर्षांपूर्वीच्या काही शवपेट्यांच्या तळाशी तर परलोकातल्या दोन वाटांचा नकाशाच रंगवलेला आहे.

आनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस बज यांनी 1888 मध्ये मिळवला. सुमारे 24 मीटर लांबीची ती गुंडाळी कापून 37 तुकडे केले, म्हणजे काचेत बसवायला सोपं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात त्यातलं एकच दृश्य येतं: तराजूत एका पारड्यात आनीचं हृदय, दुसऱ्यात मातचं पीस, बाजूला गिळायला टपलेला प्राणी, आणि निकाल टिपून घेणारा थॉथ देव. त्या पपायरसचे काही भाग आधीच लिहून तयार होते आणि नावाची जागा कोरी सोडलेली होती. गिऱ्हाईक मिळालं की नाव भरायचं! आपल्याकडे छापील फॉर्म मिळतात तसं. मोक्षाच्या वाटेवरही तयार माल चालत होता, हे कळल्यावर मला आनीबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटायला लागली.

आणि हा थॉथ, लेखनाचा देव, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या नावाने भेटलेला असतो. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात थ्यूथ इजिप्तच्या राजाकडे जातो आणि म्हणतो, मी लेखनकला शोधली, आता लोकांची स्मरणशक्ती वाढेल. राजा म्हणतो, उलट होईल, लोक बाहेरच्या खुणांवर भिस्त ठेवतील आणि आतून आठवणं सोडून देतील. दालनात पुस्तकात डोकं घालून उभे असलेले, आणि आता मोबाइल वर धरून उभे असलेले लोक पाहिले की मला हा राजा आठवतो. तरी माझं मत राजाच्या बाजूने पूर्ण नाही. थॉथने टिपून ठेवलं नसतं तर आनीचा निकाल आपल्याला कळला असता का?

शेवटी एक प्रश्न घेतो, जो आधीच चिठ्ठीवर आला आहे: मृतदेहांची छायाचित्रं पुस्तकात छापावीत का? 1912 मध्ये कैरोच्या सूचीत राजांच्या ममींचा खंड निघाला, त्यात त्यांचे उघडे चेहरे छापलेले आहेत. तो शास्त्रासाठी होता, पण तेच चेहरे पुढे मुलांच्या पुस्तकांतही आले. माझं मत असं, की सरसकट बंदी नको, पण कारण हवं. चित्रामुळे त्या माणसाविषयी काही कळणार असेल तर छापा. नुसता काटा आणायचा असेल तर नको.

याचं एक चांगलं उदाहरण मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. 2012-13 च्या हिवाळ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीवरचं प्रदर्शन आलं होतं. कर्नाकच्या खोन्सू देवाचा पुजारी नेस्पेरेन्नुब, इ.स.पू. 800 च्या सुमाराचा. त्याच्यावर जॉन टेलर यांनी लिहिलेलं सचित्र पुस्तक आहे. त्याची वस्त्रं एकदाही उलगडली नाहीत. आतलं सगळं स्कॅनच्या आधारे, संगणकावर चित्रं करून दाखवलं. त्यात दिसलं, की त्याच्या डोक्याच्या मागे मातीचं एक ओबडधोबड भांडं चिकटलेलं आहे. कोणालाच समजेना. हा कुठला विधी? पुस्तकात दिलेला तर्क असा: देहावर राळ ओतताना ओघळणारी राळ धरायला कारागिरांनी भांडं ठेवलं, राळ सुकली, भांडं घट्ट बसलं. काढायची खटपट केली असावी, तशा खुणा आहेत. निघेना, तेव्हा तसंच गुंडाळून मोकळे झाले, आणि वर सुंदर रंगवलेली पेटी. घरच्यांना हे कधी कळलं नसणार. सुमारे अठ्ठावीसशे वर्षांनी ते आपल्याला कळलं, आणि त्या पुस्तकात त्या पानावर नेस्पेरेन्नुबचं नाव आहे, बापाचं नाव आहे, दोघांची कामं लिहिलेली आहेत.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी शब्दप्रमाणाकडे परत जायचं आहे, त्याआधी जमलं तर घरातली एखादी जुनी मार्गदर्शिका, कुठल्याही संग्रहालयाची, घेऊन या. वस्तूंची उंची कुठल्या टाइपात छापली आहे, ते पाहून या.